रेकॉर्ड रूमची किल्ली

२ डिसेंबर २०२४, सोमवार. सकाळी ११.
लोणारच्या शाळेतून बदलीवर आलेली शालूबाई आज आमच्या संस्थेच्या ऑफिसात हजर झाली. पद शिपाई. वय पन्नाशीचे. आल्याआल्या व्हरांड्यातल्या माझ्या स्टुलावर बसली. स्टुलावर माझे नाव नाही हे खरे, पण हिवाळ्यात तिथे ऊन येते आणि बावीस वर्षे ते ऊन मी खातो, हे सगळ्या मोताळ्याला माहीत आहे.

हेडक्लार्क भगवंतरावांनी तिला विचारले, इकडे करमेल का. म्हणाली, "साहेब, मी लोणारची. आधीच खड्ड्यातून आली, आता याच्या खाली कुठं जातीन?" सगळे हसले. भगवंतरावसुद्धा हसले. ते याआधी कधी हसले होते ते मला आठवत नाही. मी हसलो नाही.

रात्री जेवताना विनोद लक्षात आला. बायको जनकाबाई विचारू लागली, एकटेच काऊन हसून राह्यले. ठसका लागला असे सांगितले.

३ डिसेंबर, मंगळवार.
शालूबाईला अजून कळलेले नाही की हे ऑफिस कोणामुळे चालते. रिटायर होऊन मला दोन वर्षे झाली. तरी संस्थेने सोडले नाही. कारण एकच. रेकॉर्ड रूमची किल्ली. सन १९५८ पासूनची मुलांची रजिस्टरे आत आहेत. त्यांना नंबर नाहीत, यादी नाही. सगळे माझ्या डोक्यात. किल्ली माझ्या करदोट्याला. दुसरी किल्ली घरी ट्रंकेत. तिसरी बनलीच नाही.

तीन गोष्टी ठरवल्या. एक, तिच्याशी आपण होऊन बोलायचे नाही. दोन, रेकॉर्ड रूमबद्दल अवाक्षर काढायचे नाही. तीन, तिच्या डब्यातले खायचे नाही.

दुपारी १.३०.
ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आणि ठेचा आणला होता. तिसरी गोष्ट उद्यापासून.

५ डिसेंबर, गुरुवार.
भगवंतरावांनी बोलावले. संस्थेच्या सचिवांचे पत्र आले आहे. महिनाअखेरपर्यंत सर्व रजिस्टरांना नंबर टाकून यादी करायची. मदतीला शालूबाई. माझी मुदत एकतीस डिसेंबरला संपते, ती वाढवायची की नाही ते यादी पाहून ठरेल म्हणे.

म्हणजे डाव समजला. यादी झाली की माझे डोके कागदावर उतरले. मग डोक्याची गरज काय?

मी सांगितले, आत साप आहे. शालूबाईने विचारले, कोणता? मी म्हणालो, नाग. ती म्हणाली, धामण असेल, धामण उंदरासाठी येते, आपण बॅटरी घेऊन पाहू. बॅटरी तिच्या पिशवीतच निघाली. अशी बाई मी पाहिली नाही. मी म्हणालो, किल्ली आज घरी राहिली. एवढे बोलून खाली बसलो तर किल्ली लोखंडी खुर्चीवर खणकन वाजली. भगवंतराव खिडकीबाहेर पाहू लागले. शालूबाई म्हणाली, "राहू द्या भाऊ, उद्या पाहू." तिला काही ऐकू आले नसावे.

६ डिसेंबर, शुक्रवार.
सकाळी विहारात गेलो. पांढरे कपडे घातले. आजच्या दिवशी मनात कोणाबद्दल काही ठेवायचे नाही असे ठरवले.

शालूबाई आधीच आली होती. वंदना दरवर्षी मी सांगतो. या वर्षी बायकांनी तिला पुढे केले. आवाज चांगला आहे. अगदीच चांगला आहे. मागच्या बाया म्हणत होत्या, किती साफ बोलते, आजवर आपल्याले शब्दच समजत नव्हते. आजवर म्हणजे माझ्या वेळी.

मन साडेनऊपर्यंत निर्मळ राहिले.

९ डिसेंबर, सोमवार.
रोहिणखेडचा मेहबूब आला होता. शिवणकाम करतो. त्याच्या मुलीच्या कागदपत्रांसाठी आजोबांची शाळेतली नोंद पाहिजे, साल १९६१. हा त्याचा तिसरा हेलपाटा. मुदत आता थोडीच राहिली आहे, असे तो हात जोडून सांगत होता. मी त्याला गुरुवारी या म्हणालो.

काम पटकन झाले की माणसाची किंमत राहत नाही. नोंद सापडली नाही असे नाही. पाऊण तास आत होतो. डोक्यात ते रजिस्टर पूर्वेच्या मांडणीवर आहे. मांडणीवर ते नव्हते. चूक मांडणीची.

शालूबाईने मेहबूबला पाणी दिले, चहा दिला, मुलीचे नाव विचारले. शाहजादी. मी त्याला तीनदा भेटलो, नाव विचारायचे सुचले नाही. पण आपले काम नोंद शोधायचे आहे, नावे विचारायचे नाही.

१० डिसेंबर, मंगळवार.
प्लॅन पक्का केला. तीन दिवस रजा. किल्ली माझ्याकडे. गुरुवारी मेहबूब येईल, दार बंद. फोनवर फोन येतील. भगवंतराव स्वतः म्हणतील, प्रेमानंद, तुमच्याशिवाय पान हलत नाही. मग मी जाईन. पटकन जाणार नाही. आंघोळ करून जाईन.

पोट दुखते असे सांगितले. भगवंतराव म्हणाले, घ्या, आराम करा. वाक्य पुरे होण्याच्या आत म्हणाले. थोडे थांबायला पाहिजे होते.

११ डिसेंबर, बुधवार. रजेचा पहिला दिवस.
९.००. फोन चार्ज केला. शंभर टक्के.
११.१५. फोन नाही. पहिल्या दिवशी माणूस धीर धरतो.
१२.४०. फोन आला. कंपनीचा होता. बाईने गाणे लावायचे का विचारले. नको म्हणालो तरी बोलतच होती.
२.००. जनकाबाईने घरी आहात तर तुरीची डाळ निवडा म्हणून परात पुढ्यात ठेवली. मी म्हणालो, मी आजारी आहे. ती म्हणाली, पोट दुखते, डोळे नाही.
४.३०. जनकाबाईला माझ्या फोनवर मिस कॉल द्यायला सांगितले. फोन चांगला वाजतो.

१२ डिसेंबर, गुरुवार.
११.५०. आला. भगवंतरावांचा. चार वेळा वाजू दिला आणि मग आवाज बारीक करून हॅलो म्हणालो. विचारत होते, पोट कसे आहे. बरे नाही म्हणालो. मग विचारले, चहाची गाळणी कुठे आहे? मी सांगितले, खिळ्याला. मग म्हणाले, शालूबाई सांगते आहे, ओवा आणि काळे मीठ कोमट पाण्यातून घ्या.

रेकॉर्ड रूमबद्दल एक शब्द नाही. मेहबूब आला की नाही, ते मला विचारता येईना.

शालूबाईचा ओवा घेणार नव्हतो. जनकाबाईने करून दिला. घेतला. पोट दोन दिवस चांगले होते ते आता खरेच दुखते आहे.

१३ डिसेंबर, शुक्रवार.
पाय मोकळे करायला स्टँडकडे गेलो. मेहबूब बससाठी उभा. मी तोंड लपवणार तेवढ्यात त्याने पाहिले आणि पळत येऊन माझे दोन्ही हात धरले. काल नोंद मिळाली. आज सहीशिक्का होऊन दाखला हातात. मुलीचे काम झाले. म्हणाला, "चाचा, तुमची तब्येत बरी नसून तुम्ही रजिस्टर काढून ठेवलं होतं. शालूबाईनं सांगितलं मले. माझी शाहजादी तुम्हाले दुवा देईन."

मी म्हणालो, असू द्या, कर्तव्य आहे.

घरी येऊन करदोटा तपासला. किल्ली आहे. ट्रंक तपासली. दुसरीही आहे. मग रजिस्टर बाहेर कसे आले?

१६ डिसेंबर, सोमवार.
हजर झालो. कुलूप जागच्या जागी. उघडले. १९६१ चे रजिस्टर पश्चिमेच्या मांडणीवर, सगळ्यात वर, पुसून ठेवलेले. मागची खिडकी पाहिली. गजांतून मांजर जाईल, शालूबाई जाणार नाही. कौले पाहिली. शाबूत.

तिने विचारले, ओव्याने फरक पडला का. मी म्हणालो, थोडा. मला तिला एक विचारायचे होते, पण पहिली गोष्ट आठवली, आपण होऊन बोलायचे नाही. म्हणून ती दुसरे काही विचारील याची वाट पाहिली. ती भांडी घासायला गेली.

१८ डिसेंबर, बुधवार. दुपारी ३.
हे कोणाला सांगायचे नाही. वहीत लिहितो.

दाराची धूळ झटकत होतो. कुलूप लावलेले होते. फडके अडकले म्हणून ओढले, तर कुलूप, कडी, कोयंडा सगळे एकत्र चौकटीतून अलगद हातात आले. दार उघडे. कोयंड्याचे चारही स्क्रू भोकांत नुसते टेकवलेले. भोके गुळगुळीत. त्यांना तेलसुद्धा लावलेले आहे. परत बसवला आणि तळहाताने थाप मारली, की घट्ट दिसतो. थाप मारायची तिथे चौकटीचा रंग गेला आहे. चांगला पंज्याएवढा. हे दोन आठवड्यांचे काम नाही. एका पंज्याचेही नाही.

रात्री.
जनकाबाईला सहज विचारले, मी नसलो की ऑफिसात रेकॉर्ड कोण काढत असेल. पोळी लाटता लाटता म्हणाली, "तुमची माय वारली तवा पंधरा दिस घरीच होते ना तुम्ही. तवा ऑफिस काय बंद पडलं होतं?"

माय जाऊन पंधरा वर्षे झाली.

२० डिसेंबर, शुक्रवार.
दोन दिवस विचार केला. जेवण गेले नाही, ठेचा सोडून. निष्कर्ष असा. त्यांना वाटते, मला माहीत नाही. मला माहीत आहे हे कळले तर त्यांना वाईट वाटेल. इतकी वर्षे त्यांनी माझ्यासाठी सांभाळले, आता मी त्यांच्यासाठी सांभाळायला पाहिजे. म्हणजे पाहिले तर ऑफिस अजूनही माझ्यामुळेच चालते.

सकाळी सर्वांसमोर किल्ली काढून, दोनदा फिरवून दार उघडले. कुलूप जोरात ओढले जाणार नाही याची काळजी घेतली. शालूबाई बाजूला उभी राहून म्हणाली, जुनं कुलूप मजबूत असते भाऊ. तिच्या तोंडावर एक रेघ हलली नाही.

यादी सुरू केली. ती नाव वाचते, मी लिहितो. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे, हे मी चोरून पाहिले आहे. तरी म्हणते, तुम्हीच लिहा, माझ्या हाताला मुंग्या येतात. याच हातांनी ती पाण्याच्या दोन बादल्या एका दमात उचलते.

२४ डिसेंबर, मंगळवार.
सचिव आले होते. आत बसून भगवंतराव आणि शालूबाईशी बोलले. मी दाराशी होतो. ऐकत नव्हतो, ऐकू येत होते. सचिव म्हणत होते, यादी होतच आली, मग आता त्यांना कशाला ठेवायचे. शालूबाई म्हणाली, "साहेब, यादी म्हणजे कागद. त्या रूममंधी कोणतं पोरगं कोणाचं होतं हे या माणसाले ठाऊक आहे. यायले काढसान तर मलेही परत लोणारले धाडा."

भगवंतराव म्हणाले, बरोबर आहे तिचे.

संध्याकाळी ऑर्डर मिळाली. एक वर्ष मुदतवाढ. काम : रेकॉर्ड रूमची किल्ली जबाबदारीने सांभाळणे.

आनंद व्हायला पाहिजे. झालाही. पण कोणासाठी असे बोलायचे तर मी बोलायला पाहिजे होते, तिच्यासाठी. ती आली त्या दिवशी. मला सुचले नाही आणि तिला सुचले. म्हणजे यातही ती पुढे. हे कसे सहन करायचे ते अजून ठरवले नाही.

२६ डिसेंबर, गुरुवार. १०.१०.
आज तिच्या आधी पोचायचे ठरवले होते. पोचलो. पण घाईत करदोटा बदलला आणि किल्ली न्हाणीतल्या खुंटीला राहिली. ऑफिसात कोणी नाही. परत गेलो तर ती आधी येईल. इकडेतिकडे पाहिले. कोयंडा काढला, आत आलो, दार ओढून घेतले. यादी पुढे लिहितो.

१०.२५.
शालूबाई आली. पावले ओळखू येतात. दाराशी थांबली. कोयंडा लोंबत असेल तो दिसला असणार. खट्. थाप बसली. आता मी आत आणि कुलूप बाहेर.

१०.४०.
कोणी तरी मोठ्या आवाजाचा बाप्या नोंद मागायला आला आहे. शालूबाई त्याला सांगते आहे, "भाऊ आल्याबिगर ते दार उघडत नाही. किल्ली त्यायच्यापाशीच असते. बसा, चहा घ्या." तो बसला. दार ढकलले तर कोयंडा त्याच्या पायावर पडेल.

११.१०.
भगवंतराव विचारतात, प्रेमानंद कसे आले नाहीत? ती म्हणते, येतीनच. चहाचा वास येतो आहे.

११.३५.
धुळीने शिंक येते आहे. पहिली दाबली. दुसरी दाबली. तिसरीला डोळ्यांत पाणी आले.

११.३६.
चौथी आली. मोठी आली. बाहेरून शालूबाईचा आवाज : "उंदरं लई झाले बाप्पा इथं."

कोणी हसले नाही. भगवंतराव म्हणाले, हो, औषध टाकायला पाहिजे.

१.०५.
डबे काढायची वेळ. शालूबाई सगळ्यांना मोठ्याने सांगते आहे, आज मागच्या अंगणात उन्हात बसू, चला, तुम्हीही चला पाहुणे, इकडं कोणी थांबू नका. पावले गेली. २०१० पर्यंतची यादी झाली आहे. अक्षर बरे आले.

संध्याकाळी ६.
दुपारी सगळे अंगणात जेवत होते तेवढ्यात दार हलक्या हाताने ढकलून बाहेर आलो. कोयंडा बसवला, थाप मारली, माझा पंजा त्या डागावर बरोबर बसतो. मग घरी जाऊन किल्ली घेतली, पुढच्या गेटने परत आलो, खोकलो, आणि बस लेट झाली असे सर्वांना सांगितले.

माझे घर ऑफिसपासून चार घरे सोडून आहे. कोणी काही म्हणाले नाही. शालूबाईने माझ्या वाटची भाकर झाकून ठेवली होती.