मामाची मांडी

८ जानेवारी
दुकान उघडायच्या आतच आईचा फोन. मीराच्या जावळाचा दिवस काढला. माघात, रामटेकला, गडावर. नवस तिचा, त्यामुळे मला विचारायचा प्रश्नच नव्हता. मागून दादाचा आवाज आला, "सांग तिले, मामाची मांडी तयार आहे म्हना." दोघंही हसले. मीही हसले, आणि फोन ठेवल्यावर एका गिऱ्हाइकाच्या चष्म्यात डावी काच उजवीकडे बसवली.

जावळ काढताना लेकरू मामाच्या मांडीवर बसतं. आमच्याकडे सख्खाच मामा लागतो. आणि माझ्या सख्ख्या भावाला ठाऊक नाही की मीरा माझ्या बीजाची नाही. पोटात मी वाढवली, टाके माझ्या पोटावर आहेत, पण बीज दुसऱ्या एका बाईचं. माझी बीजं चौतिशीतच संपली होती. हे मला, प्र.ला आणि डॉक्टरीणबाईंना माहीत. बस्स.

प्र.ला जावळाचं सांगितलं. "छान, रविवार आहे का?" एवढंच. हा माझा नवरा इतका शांत कसा राहू शकतो कोण जाणे.

१४ जानेवारी
मीराचं बोरन्हाण झालं. गावाहून सगळे आले: आई, दादा, वहिनी, त्यांचा मोठा मुलगा आणि परी. हलव्याचा मुकुट मीरानं पहिल्या मिनिटातच चाटून ओला केला. डोक्यावरून बोरं-मुरमुरे ओतले तर रडायच्या ऐवजी टाळ्या पिटत बसली. एवढी धीट पोर आमच्यात कोणीच नव्हती, असं आई म्हणाली. माझ्या हातातली बोरं सांडली.

मग आईचं नेहमीचं. नाक आपलं, कपाळ आपलं, आता डोळेही लवकर तपासून घे, आपल्याकडे सगळ्यांनाच चष्मा. बाबा गेले तरी त्यांचा विनोद आई विसरत नाही: आपल्या घरात बिनचष्म्याचा कोणी दिसला तर समजावं दत्तक आला. सगळे हसले. दादा तर चष्मा काढून डोळे पुसत होता. त्याचं टक्कल आता पार मागपर्यंत गेलंय, हसला की सगळं डोकं लाल होतं.

परीच्या चष्म्याची काडी घट्ट करून दिली. पाच वर्षांची पोर, जाड काच. ती वहिनीच्या पोटात होती तेव्हा दादा मला म्हणाला होता, हे लेकरू तुझं. वहिनी पोळ्या लाटत होती, तिचं लाटणं थांबलं होतं. मी म्हटलं, नको, मला माझंच हवं. वहिनीसाठी म्हटलं होतं. दादानं ते जसंच्या तसं मनात ठेवून घेतलं असणार.

१७ जानेवारी
मीराला सर्दी, छातीत घरघर. मुलांच्या डॉक्टरांनी विचारलं, आईकडे कोणाला दमा? शुगर? लहानपणी कोणाला झटके?

मी घडाघडा सांगितलं. वडिलांना शुगर होती. भावाला थायरॉइड. दमा कोणाला नाही. डॉक्टर लिहीत गेले. प्र. भिंतीवरचं लसीकरणाचं पोस्टर वाचत राहिला, जणू उद्या त्याची परीक्षा आहे.

गाडीत मी म्हटलं, आपण आत्ता पोरीच्या फाइलमध्ये खोटं लिहवून आलो. तो म्हणाला, सर्दी आहे, एवढ्यानं काय होतंय. उद्या सर्दी नसेल तर? त्या बाईच्या आईला दमा असेल तर? आम्हाला तिचं काय कळवलं होतं, तर उंची, रंग, रक्तगट. नाव कायद्यानंच कळत नाही. जुन्या गाडीची सुद्धा याहून जास्त चौकशी करतात लोक.

रात्री वाफ दिली. घरघर कमी आहे.

२० जानेवारी
सिग्नलला थांबले की हल्ली एकच धंदा. स्कूटीवाल्यांचे डोळे बघायचे. या शहरात सगळ्याच पोरी तोंडाला स्कार्फ गुंडाळतात, उघडे फक्त डोळे. बीज देणारी ती बाई पण अशीच स्कार्फ बांधून आली असेल दवाखान्यात. रोज इंजेक्शन घ्यायला. घरी काय सांगत असेल? शिवणाच्या क्लासला जाते? आयुष्यात एकदाच देता येतं म्हणे. म्हणजे तिनं ते एकदाचं माझ्याच घरात दिलं.

आज दुकानात एकीनं स्कार्फ सोडला. कानाच्या पाळ्या थेट मीरासारख्या, सुट्या, गोल. फ्रेम लावून बघायच्या निमित्तानं तिच्या कानामागे किती वेळ हात लावत बसले. मुलं आहेत का, विचारलं. "एक मुलगा आहे." संपलं. अशा पाळ्या नागपुरात लाखभर असतील. मला वेड लागायची पाळी आलीय आणि मी दिवसभर दुसऱ्यांची नजर तपासते.

२३ जानेवारी
भांडण. दोघांनीही आवाज चढवला नाही. पोर झोपलेली असली की माणसं भांडतात सुद्धा सभ्यपणे.

मी म्हटलं, दादाला सांगायचं. जावळाच्या आधी. ज्या लेकराला तो मांडीवर घेणार ते कोणाचं हे त्याला कळायला नको? प्र. म्हणाला, आपलं ठरलं होतं, कोणाला नाही. मी म्हटलं, तुझं काय जातं, तुझ्या बाजूनं सगळं शाबूत आहे. नाक तुझं म्हटलं तर खरं, माझं म्हटलं की नाटक. हे लागलं त्याला. लागावं म्हणूनच बोलले होते.

मग तो म्हणाला, "ही गोष्ट मीराची आहे. तिला कळायच्या आधी मामाला का कळावी?"

त्याचं बरोबर असेल तर माझी ही तगमग नुसता माझाच हट्ट ठरते. पण तिला सांगायला ती दहा वर्षांची तरी हवी, आणि तोपर्यंत आई तिच्या नाकावर किती बोलेल? तोवर सगळ्या घराचं नातं त्या नाकावर बांधलेलं असेल. मग सांगणार कसं?

पहाटे तोच उठला तिच्या दुधाला. मी जागीच होते, झोपल्याचं सोंग केलं.

२६ जानेवारी
दुकान बंद. आईला भेटून येते म्हणून मीराला घेऊन गावी गेले, नरखेडच्या पुढे. प्र.ला वाटलं, जरा हवापालट.

दादा बागेत होता, रोपांपाशी. जंबेरीच्या, त्या आंबट लिंबाच्या, खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलम करत होता. वाटेत मी सगळं घोकून ठेवलं होतं. खुंट एकाचा, डोळा दुसऱ्याचा, तरी झाड एकच होतं ना. बागवान माणसाला हे पटणारच, असं वाटलं होतं. मीराला कडेवर घेऊन सुरू केलं. "दादा, तू नाही का जंबेरीचा खुंट घेतोस..."

"काय झालं? सीधं सांग."

सांगितलं. सीधंच सांगितलं शेवटी.

तो पट्टी गुंडाळत राहिला. गाठ मारली. मग म्हणाला, "अन् फळाले लोकं काय म्हनते? जंबेरी म्हनते का कोनी?"

माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. गाडीत पूर्ण रस्ताभर घोकलं आणि हे डोक्यात आलं नाही. फळ डोळ्याचं असतं. खुंटाचं नाव कोणी घेत नाही. मी आपल्याच तोंडानं स्वतःला खुंट म्हणवून घेतलं होतं.

मी काहीतरी पुटपुटले की उदाहरण म्हणून म्हटलं. तो म्हणाला, "झाडाले मामा नसते वं."

मीरानं त्याच्या चष्म्याकडे हात केला. त्यानं तिच्याकडे पाहिलं सुद्धा नाही. चष्मा काढला, शर्टानं पुसला, परत लावला. मला वाटलं, आता रक्त म्हणेल, कूळ म्हणेल. त्याची तयारी केली होती मी. तो म्हणाला, "माही परी देत होतो तुले. तू म्हनली, मले माहीच पाहिजे. मंग हे दुसऱ्या कोनाची कशी चालली?"

वहिनीचं लाटणं थांबलं होतं म्हणून, हे सांगता आलं असतं. पण त्यात वहिनी उघडी पडली असती. तो मोटारसायकल काढून निघून गेला. आईनं विचारलं, गजू जेवायला काहून नाही आला? म्हटलं, काम असेल.

२७ जानेवारी
प्र.ला सांगितलं नाही. आता त्याच्यापासूनही एक लपवणं सुरू झालं. एक गाठ सोडायला गेले, दोन पडल्या.

१ फेब्रुवारी
दादाचा फोन नाही. मीही केला नाही. आज वहिनीचा आला. म्हणाली, हे दिवसभर बागेतच राहून राहिले, घरात कोणाशी बोलत नाही, तुमचं काही झालं का? म्हणजे वहिनीलाही सांगितलेलं नाही त्यानं. आईलाही नाही. काहीही असो, माझा भाऊ पोटात ठेवणारा आहे. पण कशासाठी ठेवलंय? रागानं की मायेनं?

वहिनीला हळूच विचारलं, जावळाला येणार ना सगळे? ती म्हणाली, त्यांनी मीराले चांदीचे वाळे करायले टाकले होते, सोनाराकडून आनले नाही अजून.

मामा येणार नाही असं आईला सांगायचं झालं तर काय सांगायचं? चुलतभाऊ चालेल का? प्र.ला विचारायची सोय नाही. सगळा दिवस काचा घासण्यात घालवला. स्वच्छ होत्या, तरी घासल्या.

५ फेब्रुवारी
मीरा आज धरून उभी राहिली. दुकानातल्या आरशाच्या स्टँडला धरून. स्वतःला बघून हसली. मी पण वाकून शेजारी तोंड नेलं. दोन चेहरे. खूप शोधलं. हसताना तिचा खालचा ओठ डावीकडे जातो, माझाही जातो. हे ती माझ्याकडून शिकली असेल, रोज बघून बघून. शिकलेलं मोजायचं की नाही?

मी तिच्यावर जीव टाकते, यात मला शंका नाही. शंका असती तर इतकी तडफड झाली नसती. मला फक्त चोरी केल्यासारखं वाटणं थांबायला हवंय.

८ फेब्रुवारी
रामटेक. लिहून ठेवते.

आम्ही वेळेत. आई आणि वहिनी मुलांना घेऊन गाडीनं आल्या, दादा नव्हता. मागून येतो म्हणाला, असं आई म्हणाली. न्हावी वस्तरा घेऊन बसलेला. माकडं प्रसादावर टपलेली. प्र.ची बहीण केस झेलायला कणकेचा गोळा घेऊन तयार, कारण ते आत्याचं काम. ती दोनदा म्हणाली, मामा कुठाय? प्र. घड्याळ बघत होता. मी पायऱ्यांकडे.

आला. मोटारसायकलवर आला होता, सगळा धुळीनं माखलेला. माझ्याशी बोलला नाही. पाय धुतले, पाटावर बसला, मांडी घातली आणि हात पुढे केले. मीराला त्याच्या मांडीवर दिलं. तिनं पहिलं काम त्याचा चष्मा ओढायचं केलं. त्यानं ओढू दिला. चष्मा तिच्या मुठीत, आणि तो तसाच, काही न दिसता, तिला धरून बसला.

जावळ दाट होतं. उतरत गेलं तसं डोकं उघडं पडत गेलं. आणि मागे, टाळूच्या खाली, दोन भोवरे. शेजारी शेजारी, अगदी ठसठशीत.

आई वाकली. "अवं, दोन भोवरे. आपल्यात तं कोनालेच नाही." आत्या म्हणाली, आमच्यातही नाही, प्र.ला एकच आहे. दोघी एकमेकींकडे बघू लागल्या. भोवऱ्याचं आणि रक्ताचं काही असतं की नाही देव जाणे, पण प्र.चा चेहरा पांढरा पडला. मी तोंड उघडलं असतं तर काय निघालं असतं, मला अजून माहीत नाही.

दादा मान खाली घालूनच म्हणाला, "मले होते ना दोन. आता टक्कल पडलं म्हनून दिसत नाही."

न्हावी हसला. आत्या हसली, म्हणाली, मामावर गेली म्हणजे. आई चंदन घेऊन मीराच्या डोक्याला लावत राहिली. दादानं खिशातून वाळे काढले आणि तिच्या पायात चढवले.

उतरताना पायऱ्यांवर मी त्याच्या शेजारी गेले. म्हटलं, दादा, परीचं मी तसं का म्हटलं होतं... तो म्हणाला, "राहू दे. आज नोको."

गाडीत प्र. खूश. दादाची आठवण कच्ची म्हणून वाचलो, म्हणाला. त्याला वाटतं दादा चुकून बोलला. मी खरं सांगायला गेले होते. झालं काय, तर खोटं बोलणारे दोन होते, ते तीन झाले.

१० फेब्रुवारी
आईचा फोन. मीराचं पोट, दूध, थंडी, टोपी घालतेस का. सगळं विचारून झालं. मग म्हणाली, "गजूच्या डोक्याले धा-बारा वर्सं मी तेल लावलं. त्याले भोवरा एकच होता."

दुकानात दोन गिऱ्हाइकं उभी होती.

"तू जेवली काय?" आईनं विचारलं.

म्हटलं, जेवायची आहे.

परवाच्या एसटीनं येते म्हणाली, चार दिवस राहायला. मीराच्या डोक्याला तेल तीच लावणार आहे.