आईचा कोशोक, फक्त आवाज

२ ऑक्टोबर २०२३, सोमवार
आई आली! गावाहून नारीन शहरात, थेट मी काम करते त्या दुकानात, न कळवता. हातात रुमालात गुंडाळलेला पंधरा वर्षांपूर्वीचा घडीचा फोन. "यातला माझा आवाज तेवढा काढून दे. चित्र नको, माझा डोक्यावरचा रुमाल वाकडा झालाय."

आजीच्या मयताचा व्हिडिओ! तंबूत भिंतीकडे तोंड करून आई सासूसाठी कोशोक गातेय. गेलेल्या माणसासाठी सूर लावून रडायचं, ते. आमच्याकडे लेकीसुनांनी ते गायलाच हवं. मी त्या दिवशी गायले नव्हते. काकू अजून ऐकवते, "ही नात आहे की खांब?"

बाकीची गिऱ्हाइकं दुकानात लग्नाच्या जुन्या फिती नीट करून घ्यायला आणतात. आमच्या घरचं हे.

४ ऑक्टोबर
फाइल उघडेना. दोन तास गेले. शेवटी कळलं — आमच्या मेदेरने, म्हणजे काकाच्या मुलाने, गावच्या संगणकतज्ज्ञाने, फाइलच्या नावातलं व्हिडिओचं '3gp' खोडून तिथे गाण्याचं 'mp3' लिहिलंय. फोन केला तर म्हणतो, "ताई, मी आधीच बदलून ठेवलं होतं की!"

नाव बदललं की माल बदलतो! मग उद्यापासून मी दुकानाची मालकीण. बघू पगार वाढतो का.

७ ऑक्टोबर
जुनं नाव परत दिलं, आवाज सुटा निघाला. बादलीत तोंड घालून गायल्यासारखा! त्या काळचे फोनच तसले. वारा कमी केला, घोडे कमी केले, बाहेर हंबरडा फोडणारे काका तर आनंदाने कमी केले.

एक मात्र आहे. दुसऱ्या ओळीच्या शेवटी आईचा सूर चक्क घसरतो. खोऱ्यात तिच्यासारखी गाणारी नाही, आणि इथे फाटते! नीट करू का, म्हणून फोनवर विचारलं.

"हात लावू नकोस. तिथे मला सासूबाई खरंच दिसल्या होत्या."

बरं बाई.

११ ऑक्टोबर
नवी फर्माईश. "जिथे जिथे 'बुरुल' आहे तिथे 'सायराकान' टाक."

बुरुल हे आजीचं नाव. सायराकान म्हणजे आई स्वतः! वर फोनवर तीन आवाजी निरोप पाठवलेत, तिन्हींत स्वतःचंच नाव गाऊन — उंच, मधलं, खालचं. "बसेल ते घे." हौस तरी किती! नाव पाच ठिकाणी येतं. पहिल्या जागी मधलं छान बसलं.

दुसरी जागा जोडताना हात थांबला. कोशोकात नाव कुणाचं येतं, हे मला इतक्या उशिरा सुचावं!

लगेच फोन केला. "आई, हे कुणासाठी?"

"कुणासाठी म्हणजे? माझ्यामागे गाणार कोण? एकुलती एक लेक, तिचं तोंड उघडत नाही. मेदेर मोठा स्पीकर आणेल. तू नुसती भिंतीकडे तोंड करून बस. लोकांना वाटेल, तूच गातेस."

"डॉक्टरकडे जाऊन आलीस? काय म्हणाले?"

"तो काय म्हणणार, कालचं पोर. बर्फ पडेपर्यंत, म्हणाला."

फोन बंद केला. टेबलावर डोकं ठेवून रडले. बेसूर, अर्थात.

१५ ऑक्टोबर, रविवार
गावी गेले. आई बोर्सोक, कणकेचे छोटे तुकडे, तळत होती. म्हटलं, "शिकव मला."

"आता? पस्तिसाव्या वर्षी? आवाज बघ तुझा, गोठ्याचं दार कुरकुरतंय नुसतं!"

मग झारा बाजूला ठेवून तिने पहिली ओळ म्हटली. मागून मी.

"अगं, घरात कुणी मेलंय असं वाटू दे जरा!"

दोघी हसत सुटलो. तळण करपलं. करपलेले सगळे मीच खाल्ले.

२२ ऑक्टोबर
तिसऱ्या ओळीपर्यंत आले. आई म्हणते, खांबापेक्षा बरी.

२८ नोव्हेंबर
बर्फ पडून नऊ दिवस झाले. मेदेरने स्पीकर आणला होता, तो त्याच्या गाडीतच राहिला. मी भिंतीकडे तोंड करून बसले आणि गायले. पाचही ठिकाणी तिचं नाव घेतलं.

दुसऱ्या ओळीच्या शेवटी सूर घसरला. तिथे मला ती दिसली.