दहापैकी किती दुखतं?

छत्रपती संभाजीनगर,
दि. ११ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
विशाखाचा सविनय जयभीम. वि. वि. फोनवर आई स्पीकर लावते आणि निम्मी गल्ली ऐकते, म्हणून हे पत्र.

तुमचं मनगट मोडलं त्याला आज सहा दिवस झाले. कडूआत्या तिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनच्या उरलेल्या गोळ्या तुम्हाला देऊन गेली म्हणे. अहो, भेटायला येताना लोक केळी आणतात, आमच्या पिशोरात गोळ्या! त्या अफूच्या जातीच्या आहेत. चक्कर येते, मळमळतं, पोट साफ होत नाही. तोल जाऊन पडलात तर दुसरा हातही जायचा.

त्या दिवशी दवाखान्यात मी दिलेल्या दोन साध्या गोळ्या, पॅरासिटामॉल आणि सूज उतरवणारी, जेवल्यावर सोबतच घ्या. हातापायाच्या ताज्या मारात या जोडीनं जवळपास आत्याच्या गोळ्यांएवढाच आराम पडतो, हे पेशंटांवर तपासून पाहिलेलं आहे. तुमची किडनी, बीपी बघूनच मी त्या लिहिल्या. जोरदार औषध आम्हीही देतो, पण साध्यानं भागलं नाही तर. आत्याच्या गोळ्या आईकडे द्या, मी आले की घेऊन जाईन.

रागावलेली, तरी तुमचीच,
विशाखा


पिशोर,
दि. १५ नोव्हेंबर २०२५

चि. डॉक्टरीणबाई विशाखास,
अप्पारावचे पोटभर आशीर्वाद आणि जयभीम.

तुझं पत्र यायच्या आधीच कडूच्या दोन गोळ्या खाऊन बसलो व्हतो. तीस वर्षं यष्टी चालवलेला माणूस मी, पण अंगण असं गरगरलं की काय सांगू! ओकलो. तुझ्या आईनं धरलं म्हणून पडलो नाय. आता तुझ्याच गोळ्या घेतो, बरं हाय.

पण कडू गल्लीभर सांगत फिरती, पोरगी डॉक्टर असून बापाला तापाच्या गोळीवर वाटंला लावलं, साधं इंजेक्शन नाय दिलं. मला लई लागलं. खरं तर चूक माझीच. दहापैकी किती दुखतं, असं तू विचारलंस, तवा मी चार म्हणलो. दुखत व्हतं आठ. तुझे मोठे साहेब शेजारी उभे, आणि बाप विव्हळला असता तर तुझा हात थरथर कापला असता. आठ म्हणलो असतो तर जोरदार दिलं असतंस का? खरं काय ते लिही.

माया हाय तशीच ठेव.
तुझा बाप


छत्रपती संभाजीनगर,
दि. १९ नोव्हेंबर २०२५

ती. बाबांस,
सविनय जयभीम.

खरं लिहिते. चार म्हणताना तुम्ही चांगल्या हातानं माझी बोटं अशी आवळलीत की अंगठी रुतली. चार दुखणारा माणूस असं धरत नाही. मी केसपेपरवर आठच लिहिलं. आठ समजूनच त्या दोन गोळ्या दिल्या, हात झोळीत घेतला, बर्फ लावला. इंजेक्शन हाताशीच होतं, दुखणं उतरलं नसतं तर क्षणभर थांबले नसते.

तासाभरानं पुन्हा विचारलं. तुम्ही दोन म्हणालात. तेव्हाही मी तुमच्या तोंडाकडे बघितलं नाही. तुमचा तो हात माझ्या हातात सैल, नुसता ठेवलेला होता. ते दोन मी खरे धरले.

मग बाहेर जाऊन रडले. हात मात्र कापला नव्हता, बाबा.

तुमच्या मायेत राहू इच्छिणारी,
विशाखा