रोग न पोचणारी जागा

३ मार्च
दादाच्या हरितगृहातल्या कार्नेशनवर विषाणूच निघाला. आमच्याच प्रयोगशाळेत मी तपासलं. मावा ही कीड तो पसरवते, औषध नाही. उपटून जाळायचं, बस्स. फोनवर सांगितलं तेव्हा दादाने किती झाडं ते विचारलं. मग म्हणाला, "आणि बाबांचं?"
बाबांच्या वाफ्यात तर सगळ्यांत जास्त.

५ मार्च
बाबांचं फूल — लाल पाकळ्यांवर पांढऱ्या रेघा, कुणी घाईघाईत ओढल्यासारख्या. पंचवीस वर्षांपूर्वी साध्या लाल रोपावर एक फांदी अशी निघाली. ते तेवढीच कापून लावत राहिले. शेंड्यातली एखादी पेशी बदलली असणार, असं मी कॉलेजात असताना त्यांना ऐटीत समजावलं होतं. बाकी सगळं त्यांनी विकलं, हे कुणालाही दिलं नाही.
खुबा मोडल्यापासून खाटेवर आहेत. रोज एक फूल उशाशी लागतं. वहिनी म्हणते, "सासूबाई गेल्या त्या दिवशीही दोन घास खाल्ले. फूल नसलं तर पाणीही घेत नाहीत."
दादा म्हणाला, "तुझं शास्त्र काय ते लवकर कर. तोवर त्या वाफ्याला जाळी लावतो. पण माझी बाकीची झाडं गेली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" त्याचंही खरंच.

६ मार्च
उपाय आहे. शेंडा.
टोकाला, कोवळ्या पानांच्या आत, टाचणीच्या डोक्याहून लहान घुमट असतो. त्यात मूळपेशी. त्या स्वतः पान होत नाहीत, फूल होत नाहीत. पुढच्यांना जन्म देतात आणि जागेवर राहतात. खालच्या पेशी त्यांना सांगत असतात — अशाच राहा, वाढा. त्या उलट निरोप धाडतात — पुरे, आवरा. पहिला निरोप थांबला तर वाढ खुंटते. दुसरा थांबला तर शेंडा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा फुगत सुटतो. आणि ज्या निरोपामुळे त्या मूळपेशी राहतात, तोच विषाणूला आत शिरू देत नाही. सगळं झाड आजारी, तेवढी जागा निरोगी. तीच कापून बाटलीत वाढवली की स्वच्छ रोप मिळतं.
आमच्या घरात 'पुरे' म्हणायचं काम आईकडे होतं. जाऊ दे. पेशींमध्ये घर शोधायची खोड वाईट.

१० मार्च
सूक्ष्मदर्शकाखाली शेंडे कापले. तुकडा मोठा घेतला तर जगतो, पण रोग बरोबर येतो. अगदी लहान घेतला तर स्वच्छ, पण बहुतेक मरतो. हे मी दुसऱ्यांना शिकवते. तरी आज काही तुकडे मोठे कापले. भीतीने. बाटल्यांवर तसं लिहून ठेवलं, म्हणजे नंतर मलाच मला फसवता येणार नाही.
आमच्या विभागप्रमुख बाई मागून म्हणाल्या, "आज मोठे कापताय? म्हणजे आजवर लोकांची झाडं कापताना काही वाटतच नव्हतं तुम्हाला."
हसले. मग जेवणाच्या सुट्टीत तेच डोक्यात.

२ एप्रिल
मोठे तुकडे हिरवेगार. लहान एकेक करून काळे पडताहेत.

१९ एप्रिल
लहानांपैकी एक जिवंत आहे. नुसता ठिपका, पण हिरवा. कुणाला सांगितलं नाही.

१४ जुलै
मोठ्या तुकड्यांची सगळी रोपं रोगट निघाली. टाकून दिली. त्या एका ठिपक्यापासून वाढवलेली रोपं मात्र स्वच्छ. दोनदा तपासली, मग बाईंकडून तपासून घेतली. मला आनंद झालेला असला की माझ्या निकालावर माझा विश्वास बसत नाही.
बाबांना सांगितलं. म्हणाले, "बाटलीत? माझं झाड बाटलीत?" आणि कितीतरी दिवसांनी हसले.

२१ जुलै
दादाने नव्याने लावलेल्या वाफ्यातही पानं पिवळी पडली. जाळी असूनही. तो सकाळीच दारात. "आता नाही थांबू शकत. तू सांग."
नियम असा की नवीन रोपाला फूल आल्याशिवाय जुनं उपटायचं नाही. मीच सांगते सगळ्यांना. पण अहवाल स्वच्छ होता, दादाचे डोळे खोल गेले होते — मी म्हटलं, "जाळ. रोपं आहेत माझ्याकडे."
बाबांना विचारलं. "तू आहेस ना? मग मला कशाला विचारता."
दुपारी बाबांचा वाफा जाळला. ओल्या झाडांचा धूर घरभर. वहिनीने शेवटची चार फुलं पेल्यात लावून त्यांच्या उशाशी ठेवली.
दादाची कीव आली म्हणून 'जाळ' म्हटलं, की आपण वाचवलं असं म्हणायची घाई झाली होती? दोन्ही असेल.

३० ऑगस्ट
पेल्यातली फुलं कधीच सुकली. बाबा ती काढू देत नाहीत. जेवण निम्म्यावर आलंय. डॉक्टर म्हणतात, वय आहे. रोपं इथे प्रयोगशाळेच्या आवारात मातीत लागली, हे त्यांना सांगितलं. "फूल कधी?" एवढंच विचारलं.

२२ नोव्हेंबर
कळ्या धरल्या. रोपं इतकी तजेलदार की बघायला आलेला दादा म्हणाला, "तुझ्या हाताला गुण आहे बरं." त्याच्या तोंडून हे पहिल्यांदाच. बाबा रोज फोन लावायला लावतात. "उघडली का?" नाही अजून.

१८ डिसेंबर
उमललं. भरगच्च, टवटवीत, लाल. एकही रेघ नाही. दुसऱ्या रोपावरही नाही, तिसऱ्यावरही नाही. पेशी बदललीच नव्हती. इतकी वर्षं त्या रेघा विषाणू ओढत होता, आणि मी तोच पुसून टाकला.
तरी एक नेऊन दिलं. बाबांनी हातात घेतलं, फिरवून फिरवून पाहिलं.
"चांगलं आहे गं. कुणाकडचं?"