अर्धा तास थांबायचं होतं

मंगळवार, १२ मार्च
दाजी भाजले. हात, छाती, तोंड.

जहाजाचं सोळा सिलिंडरचं इंजिन चाचणीला लावलं होतं. अकराला धोक्याची घंटा झाली — इंजिनाच्या पोटात तेलाचा धूर! म्हणजे आत कुठलं तरी बेअरिंग तापलंय. इंजिन बंद केलं. पुढे अर्धा तास झाकणाला हात लावायचा नाही. तापल्या वाफेला बाहेरची हवा लागली की भडका. भिंतीवर हातभर अक्षरांत लिहिलंय.

दुपारी जहाजवाले इंजिन बघायला यायचे होते. दहाव्या मिनिटाला झाकण उघडलं गेलं.

बुधवार, १३
घरी ते मोठे, ताईचा नवरा. खात्यात ते फिटर, मी फोरमन. 'साहेब, साहेब' म्हणून चिडवायचे.
ताई हॉस्पिटलच्या बाकावर बसलेली. "खाल्लंस का काही?" — मलाच विचारते!

शुक्रवार, १५
मॅनेजरांनी कागद पुढे सरकवला. 'कामगाराने स्वतःहून नियम मोडला.' म्हणाले, "झालं ते झालं. निदान तू तरी सुटशील."
सही केली. खाली तारीखही नीट घातली. त्याचंच वाईट वाटलं.

शनिवार, १६
इंजिन खोललं. पाचवं बेअरिंग वितळून शाफ्टला चिकटलंय. नवं टाकून बुधवारी पुन्हा चालवायचं म्हणे.

सोमवार, १८
मी आलो तशी ताई उठून बाहेर गेली. दाजींच्या घशातून शब्द घासत येतात.
"कुठलं होतं रे?"
"पाचवं."
"वाटलंच!" आणि हसायला गेले. नर्स माझ्यावरच ओरडली.

मंगळवार, १९
चौकशी अधिकारी खाटेपाशी आले. "झाकण उघडायला कोणी सांगितलं?"
दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "कोणी नाही. मीच उघडलं."
मी भिंतीकडे बघत उभा.

इथे तरी लिहितो. मी सांगितलं होतं. बाकीचे चहाला गेलेले, आम्ही दोघंच. ते म्हणाले, "अजून वीस मिनिटं जाऊ दे रे." मी म्हणालो, "उघडा हो दाजी, कधीपासून भ्यायला लागलात?" वर हसलोसुद्धा! आणि मागे सरकून उभा राहिलो. मी मागे सरकलो होतो.

गुरुवार, २१
दाजी गेले. सकाळी दहाला.

शुक्रवार, २२
चौकशी मिटली. मॅनेजरांनी पाठीवर हात ठेवला. शिसारी आली — त्यांची नाही, माझी.

रविवार, २४
ताईला सगळं सांगितलं. ती त्यांचे कपडे घडी करत होती. हात थांबले नाहीत.
"माहीत आहे. पहिल्याच दिवशी बोलले ते. तू आलास की मी उठून बाहेर जायचे ना? त्यांनीच सांगितलेलं — 'आज मनातलं बोलेल तो माझ्याशी.' रोज म्हणायचे, आज बोलेल."