भांड्यात मी दिसायला नको

४ एप्रिल, शुक्र.
कढयांचे सगळे फोटो परत. दुकानाचे मालक अण्णा, त्यांनी गिऱ्हाइकांसमोरच मोबाईल पुढं केला. "सुजाता, कढई विकायची हाय का तुला विकायची हाय? बघ की, तू दिसायलीस."
दिसत होतेच. कढईच्या पोटात मी, हातात कॅमेरा, मागं ट्यूबलाईट, नाक हे एवढं. स्टीलचं भांडं लई चुगलखोर. समोर जे उभं राहील ते सांगून टाकतं.
अण्णांनी ऑनलाईन विक्री काढल्यापासून माझं हेच. पांढऱ्या चादरीचा तंबू करायचा, आत भांडं, चादरीच्या भोकातनं लेन्स. तरी कुठंतरी मी उरतेच. मग कॉम्प्युटरवर बसून स्वतःला पुसायचं. स्वतःला पुसायचाच पगार घेते म्हणा की. आज फार दमले. चादर धुवायला घरी आणली.

६ एप्रिल, रवि.
नवीन स्थळ. अकलूजचे विलास, दूध डेअरीत सुपरवायझर. बायको वारली, मूल नाही. त्यांची बहीण वेळापूरला असते, ती आईशी फोनवर बोलली. फोटो मागितलाय.
फोटो म्हटलं की माझं एकच. कोड. डाव्या ओठाच्या कोपऱ्यापासून हनुवटीपर्यंत, पांढरा पट्टा. कॉलेजात असताना उठला, मग तिथंच थांबला. डॉक्टर म्हणाले कुणाला लागत नाही, तुम्हालाही काही होत नाही. डॉक्टरांना कोण विचारतंय! बार्शीची मंडळी बघायला आली होती तेव्हा चहाला हातसुद्धा लावला नव्हता. कप भरलेले तसेच. आईनं ते मोरीत ओतले.
आज आई म्हणाली, "दिसभर भांड्यावरनं सोताला पुसतीस की. एवढा डाग पुसाय काय झालं तुला?"

७ एप्रिल, सोम.
पुसला.
जेवणाच्या सुट्टीत, दुकानातल्याच कॉम्प्युटरवर. गालावरचा रंग उचलायचा, हनुवटीवर टेकवायचा. कळशीवरचा ओरखडा काढायला जास्त वेळ लागतो. हात बसलाय, काय करणार. मग डोळ्याखालचं काळंही काढलं. एकदा सुरुवात केली की थांबवत नाही.
जी उरली ती बरी होती दिसायला. माझी मावसबहीण असावी अशी. मला मावसबहीण नाही.
आईला दाखवला. म्हणाली, "आशीच व्हतीस तू." मग शेजारच्या पोराकडनं बायोडाटावर लावून वेळापूरला पाठवून घेतला.

९ एप्रिल, बुध.
पसंत. येत्या नाही, त्याच्या पुढच्या रविवारी बघायला येणार, विलास आणि बहीण. आईनं बुद्धाच्या मूर्तीपुढं मेणबत्ती लावली, मग गल्लीत साखर वाटून आली. मी म्हटलं अगं अजून बघितलं कुठंय. "बगितलं न्हवं फोटूत!"
कुणाला बघितलं, ते मी विचारलं नाही.
उन्हाचा तडाखा आहे. स्कूटीवर तोंडाला स्कार्फ बांधून सगळ्या बायका एकसारख्या. उन्हाळा संपूच नये. स्कार्फला कारण सांगावं लागत नाही.

११ एप्रिल, शुक्र.
पराती आल्या. तळ सपाट, लखलखीत. उजेड कसा पडतो बघायला तंबू न लावताच एक फोटो घेतला. कॅमेरा छातीशी, मान खाली. आणि स्क्रीनवर बघितलं तर आत मी.
पातेल्यात मी रुंद असते, तांब्यात लांबडी, डावाच्या खोलात उलटी टांगलेली. परातीत मात्र जशीच्या तशी. बायोडाटातली बाई मला का परकी वाटते ते तेव्हा कळलं. डाग नाही हे तर झालंच, पण तिचा भांगही दुसऱ्या बाजूला. साध्या फोटोत मी लोकांना दिसते तशी येते. मी मला फक्त आरशात बघितलंय. परातीतलं चित्र आरशासारखं. रोज सकाळी दात घासताना जी भेटते ती हीच. डोळे सुजलेले, केस विस्कटलेले, डाग आपल्या जागी.
दमलेली आहे बिचारी. ओळखीची आहे.
पुसायला घेतला, आणि ठेवून दिला. वेगळ्या फोल्डरात. अण्णांसाठी दुसरा काढला, तंबू लावून.

१४ एप्रिल, सोम.
जयंती. सकाळी पांढरी साडी, विहारात वंदना, मग गल्लीतल्या बायकांचा फोटो. मला म्हणाले तू काढ, तुझं काम आहे. बरंच झालं. पण भावाची पोरगी पिंकी ऐकेना, कॅमेरा हिसकून घेतला, मला ओढून मधे उभी केली. "आत्या, हनुवटीवरचा हात काढ की! दात दुखायलाय का?"
हात कधी गेला मला कळलंच नव्हतं. घरी येऊन जुने फोटो काढले. भावाचं लग्न, पिंकीचं बारसं, सगळीकडं हात हनुवटीवर. लोकांना वाटत असेल ही बाई फार विचार करते.

१६ एप्रिल, बुध.
आईशी भांडण. मी म्हटलं त्यांना सांगते, डाग आहे म्हणून.
"सांगू नगंस."
"रविवारी दिसणारच आहे ना? तेव्हा?"
"एकदा घरात बसली, चार शब्द बोलली, की मान्सं मानूस बगत्यात. फोटूत निसता डाग दिसतुय."
यात खोटं काय आहे? तरी बोलले, तू मला फसवायला लावतीस. लागलं तिला. चादरीच्या कारखान्यात हयात गेली तिची. बोटं वाकडी झालीत, ती पदरात लपवत म्हणाली, "मी गेल्यावर तुला भाकरी खाल्लीस का म्हनून कोन इचारनार हाय?"
दोघी न जेवता बसलो. आमटी विटली शेवटी.

१८ एप्रिल, शुक्र.
परातीतला फोटो पाठवला. त्यांच्या बहिणीला नाही, थेट विलासना. त्यांच्या बायोडाटावर नंबर होता.
लिहिलं: जयभीम. मी सुजाता, सोलापूर. तुमच्याकडं आलेल्या फोटोत मी डाग काढून टाकला होता. मला कोड आहे. हा फोटो परातीत पडलेला आहे, पण चेहरा माझा आहे. रविवारी यायचं का ते तुम्ही ठरवा.
पाठवलं आणि मोबाईल गल्ल्याशेजारी पालथा ठेवला. अण्णा म्हणाले, "काय गं, ताप आलाय का? तोंड बघ कसं झालंय." आज पहिल्यांदा वाटलं, खरंच बघावं कसं झालंय.
संध्याकाळी निळ्या खुणा आल्या. वाचलंय. उत्तर नाही.

१९ एप्रिल, शनि.
उत्तर नाही. बहिणीचाही फोन नाही.
राग त्यांचा येत नाही, माझाच येतो. कुणी सांगितला होता हा शहाणपणा? गप बसले असते तर उद्याचा दिवस तरी नीट गेला असता. आणि मग लगेच वाटतं, बार्शीचे कप पुन्हा मोरीत ओतायचं बळ आईत नाही. माझ्यातही नाही.
आईला सांगितलं. भाजी निवडत होती. हात थांबला. वाटलं आता ओरडेल. "दाव," म्हणाली. मोबाईल लांब धरून बघितला, जवळ धरून बघितला.
"परात चांगली हाय," एवढंच म्हणाली. आणि भाजी निवडायला लागली.

२० एप्रिल, रवि.
सकाळ झाली, अजून काही नाही. येतो असं नाही, येत नाही असंही नाही.
आईनं घर झाडून घेतलं. नवी बेडशीट घातली. मला अबोली रंगाची साडी काढून दिली. मग कपाटातनं पावडरचा डबा घेऊन आली, माझी हनुवटी धरली, उजेडाकडं वळवली. बार्शीवाल्यांच्या वेळी तिनंच थापली होती, घामानं ओघळली होती. आज धरून नुसती बघत राहिली आणि डबा परत ठेवून आली. "ऱ्हाऊ दे. हाय तशी बस."
मला रडू आलं. कांदा चिरायला घेतला, म्हणजे प्रश्न मिटला.
मोबाईल ओट्यावर सुलटा ठेवलाय. आमच्या घरची परात घासून घासून आंधळी झालीय, तिच्यात काही दिसत नाही. तीच घेऊन आई उभी. "पोहं भिजवू का गं? आन् ते आलंच न्हायत तर?"
म्हटलं, भिजव. नाही आले तर आपण दोघी खाऊ.
आईनं पोह्यांचा डबा उघडला आणि चौघांच्या मापानं पोहे घेतले.