सासऱ्यांच्या होल्डनचा निळा

मी, हेडली जॉर्ज ट्रेंबाथ, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय मोटारींच्या गाद्या शिवणे (आता निवृत्त), राहणार वॉलरू, दक्षिण ऑस्ट्रेलिया, माझ्या पश्चात घरात वाद नकोत म्हणून हे मृत्युपत्र स्वखुशीने लिहून ठेवत आहे. माझी बुद्धी शाबूत असल्याचे डॉक्टरांनी लेखी दिले आहे. मेहुण्याबरोबर एवढी वर्षे एका गॅरेजमध्ये काढूनही ती शाबूत राहिली, याचे श्रेय मी दुसऱ्या कोणाला देणार नाही. याआधीचे मृत्युपत्र रद्द समजावे.

१. राहते घर, आतल्या सामानासह, माझी पत्नी व्हर्ना हिला मिळावे व तिच्यानंतर आमची मुलगी कॅरिन हिला. घर विकायचे झाल्यास गॅरेजच्या भिंतीवर निळे पट्टे का आहेत, हे घेणाऱ्याला समजावत बसू नये. ते रंगाचे नमुने आहेत. घासून जात नाहीत. मी घासून पाहिले आहे.

२. जाड कातडे शिवण्याचे मशीन, साचे, सुया आणि कात्र्या नात टेस हिला द्याव्यात. ती बोटींची आच्छादने शिवते आणि तिचा हात माझ्यापेक्षा सरळ चालतो. मोठ्या कात्रीने कोणीही कागद कापू नये. व्हर्ना, हे तुला उद्देशून आहे.

३. मूंटा गावच्या जुन्या मोटारींच्या क्लबाला माझ्याकडून काहीही देऊ नये. त्यांच्या परीक्षकाने भर उन्हात काळा चष्मा न काढता आमच्या गाडीचा रंग चूक ठरवला. मी त्याला चष्मा काढायची विनंती केली, तर म्हणाला, ऊन सोसत नाही.

४. सन १९६३ची होल्डन मोटार. ही निम्मी माझी आणि निम्मी व्हर्नाचा थोरला भाऊ क्लॅरेन्स बोलिथो, म्हणजे क्लॅरी, याची आहे. माझा निम्मा हिस्सा क्लॅरीला जावा. एका ओळीत हे कलम संपले असते. पण आपल्याला ती का मिळाली याबद्दल क्लॅरी गावभर भलतेच काही सांगत फिरेल, म्हणून खुलासा करतो.

गाडी माझे सासरे विल्फ यांनी नवी घेतली. त्यांच्यानंतर ती क्लॅरीच्या शेडमध्ये समुद्राची खारी हवा खात पडली होती. क्लॅरी जन्मभर मासेमारीच्या बोटीवर होता. आम्ही दोघे निवृत्त झाल्यावर ती पुन्हा उभी करायचे ठरले. इंजिन त्याच्याकडे, गाद्या माझ्याकडे, आणि रंग दोघांनी मिळून, हुबेहूब कारखान्यातून आला होता तसा. हे ठरवताना आम्ही शुद्धीवर होतो.

इंजिनाजवळच्या पट्टीवर रंगाचा क्रमांक कोरलेला होता. तो घेऊन मी शेजारच्या कडीना गावातल्या रंगवाल्याकडे गेलो. स्टावरोस त्याचे नाव. त्याने सांगितले की जुन्या कृतीतल्या निम्म्या रंगद्रव्यांचे उत्पादन बंद झाले आहे, आणि कारखान्यातही एका क्रमांकाचा रंग दर खेपेला थोडा वेगळा निघायचा. तरी त्याने डबा बनवून दिला. क्लॅरी म्हणाला, हिरवट आहे. स्टावरोसने निळा वाढवला. क्लॅरी म्हणाला, अजून हिरवट. पुढे पुढे मी दुकानात शिरलो की स्टावरोस काही न विचारता निळ्याची बाटली काढू लागला. भिंतीवरचे पट्टे त्या काळातले. वडिलांची गाडी मी रोज धूत होतो, तू तेव्हा कुठे होतास, असे क्लॅरी मला विचारायचा. मी कुठेच नव्हतो, हे खरे आहे. व्हर्नाला विचारावे तर ती म्हणे, निळी होती, आणि पावाला लोणी लावत राही.

शेवटी गाद्या बसवताना मी हीटरचा डबा काढला. त्याच्यामागे तळहाताएवढ्या जागेवर कारखान्याचा मूळ रंग होता. त्याला कधी ऊन लागले नव्हते, पाणी लागले नव्हते, ओघळसुद्धा तसाच सुकलेला होता. साबणाने पुसला तर आरशासारखा निघाला. स्टावरोस त्याचे मोजायचे यंत्र घेऊन आला आणि त्यावरून एक पत्रा रंगवून दिला. मी तो पत्रा त्या जागेला लावून उन्हात पाहिला, सावलीत पाहिला, ट्यूबलाइटखाली पाहिला. कडा कुठे संपते ते दिसेना. मी क्लॅरीला बोलावले.

तो वाकून बराच वेळ पाहत राहिला.

“हा रंग नव्हे,” तो म्हणाला. “हा कुणीतरी नंतर मारलाय.”

“हीटरच्या मागे? तिथे कोण कशाला मारेल?”

“असेल कोणी तुझ्यासारखा.”

त्या दिवशी व्हर्नाने निळे स्वेटर घातले होते. जाताना क्लॅरीने तिला विचारले, हे राखाडी नवे का? तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आयुष्यभर पाण्यावरचे ऊन खाऊन त्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्याला सगळे जग पिवळ्या काचेतून दिसत होते आणि त्यात माझे निळे हिरवे पडत होते. मी सांगितले, रंग ठीक आहे, तुझे डोळे दाखव. त्याने गॅरेजची किल्ली बाकावर ठेवली आणि घरी गेला. पुढे दोन नाताळ आमच्या टेबलावर त्याची खुर्ची रिकामी होती. गाडी मी एकट्याने रंगवून घेतली. तो जेटीवर भेटला तर मासळीकडे बघायचा.

मी त्याला गाढव, घोरपड आणि आणखी बरेच काही म्हणत असे. एकदा जेवताना व्हर्नाने काटा खाली ठेवला. “तो हट्टी नाहीये,” ती म्हणाली. “घाबरलाय. आईच्याही मोतीबिंदूचं ऑपरेशन ॲडलेडला झालं होतं, दोन्ही डोळ्यांचं एकदम. जखमा चिघळल्या. परत आल्यावर तिला पुन्हा कधी दिसलं नाही. तिला याच गाडीतून नेलं होतं, आणि गाडी क्लॅरी चालवत होता. येताना ती वाटेत त्याला विचारत राहिली, की आता कुठे आलो.”

इतकी वर्षे संसार करून ही गोष्ट मला तेव्हा कळली. बोलिथो मंडळी बोलतात फार, सांगत काही नाहीत.

दुसऱ्या दिवशी मी पेस्ट्या, म्हणजे बटाटा-मटण भरून भाजलेल्या मोठ्या करंज्या, घेऊन त्याच्याकडे गेलो. रंगाचा विषय काढला नाही. एवढेच म्हणालो की तू आत असशील तोवर मी दाराबाहेर बसेन, आणि गाडी मी चालवेन. त्याने पेस्टी पूर्ण खाल्ली, माझीही निम्मी खाल्ली, आणि एका डोळ्याच्या शस्त्रक्रियेला तयार झाला.

डोळ्यावरची पट्टी निघाल्यावर त्याला गॅरेजवर आणले. गाडी बाहेर उन्हात उभी होती. त्याने एक डोळा झाकला, मग दुसरा, मग पुन्हा पहिला. बॉनेटवर हात ठेवून तो तोंड फिरवून उभा राहिला. वडिलांच्या वेळी धुवून उभी असायची तशीच दिसते म्हणाला. थोड्या वेळाने नाक पुसून त्याने निकाल दिला: “डाव्या डोळ्यानं तुझं बरोबर आहे. उजव्यानं माझं.”

मी म्हटले, मग उजवाही करून घे आणि मिटव एकदाचे.

“नको,” तो म्हणाला. “आईचे दोन्ही एकदम गेले. एक मी पणाला लावला. दुसरा हातात राहू दे.”

यावर मी वाद सोडला. म्हणून गाडी त्याला. तिच्याकडे त्याने हव्या त्या डोळ्याने पाहावे.

५. रंगाचे उरलेले सर्व डबे स्टावरोसला परत करावेत. त्याने ते घेण्यास नकार दिल्यास, आणि तो देईलच, त्यातून कॅरिनने कुंपण रंगवावे. शेवटचा, बिनचूक डबा मात्र गाडीबरोबर राहावा. त्याच्या झाकणावर क्लॅरीने काहीही लिहू नये.

६. माझ्या बचतीतून क्लॅरीच्या उजव्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचा पूर्ण खर्च वेगळा काढावा. त्या वेळी व्हर्नाने दाराबाहेर बसावे, कारण तो एकटा जाणार नाही. बाकी बचत व्हर्नाची.

७. सही करण्यापूर्वीची दुरुस्ती. वरील मजकूर टेबलावर ठेवून मी चहा करायला गेलो असता क्लॅरीने तो डाव्या डोळ्याने वाचून काढला. तो अतिशय चिडला. “मेलेल्या माणसाच्या पैशानं मी डोळे उघडणार नाही,” असे म्हणून त्याने माझ्याच फोनवरून माझ्यादेखत वेळ ठरवली. आम्ही गुरुवारी ॲडलेडला निघत आहोत. मी दाराबाहेर बसणार आहे. सबब कलम सहामधील शस्त्रक्रियेची व बसण्याची तरतूद रद्द समजावी. ते लिहिण्यात माझी अख्खी सकाळ गेली.

लाभ घेणाऱ्याने साक्षीदार होऊ नये, असा वकीलबाईंचा सल्ला असल्याने क्लॅरीची सही घेतलेली नाही. त्यावरही तो रुसला आहे.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, साक्षीदारांसमोर त्यावर सही केली आहे.

हेडली जॉर्ज ट्रेंबाथ

आमच्यादेखत सही झाली:
१. डोरीन पेंगेली, शेजारीण
२. मर्व्हिन श्यूलर, निवृत्त पोस्टमास्तर

स्थळ: वॉलरू
दिनांक: ६ मे २०१९